लुईझ ब्रुक्स : दृश्य आणि द्रष्टा

आज आपण लुईझ ब्रुक्स या अमेरिकन नटीबद्दल बोलणार आहोत. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ही नटी कुठून आठवली, असं काही जणांना वाटेल. कारण साधं आहे. पाहणारा वेगळा आणि पाहिलं जाणारं वेगळं, म्हणजे द्रष्टा आणि दृश्य, हा भेद आपण वेदान्तात शिकतो. तो पाठ करायला सोपा आहे. पण जिचं सगळं आयुष्य पाहिलं जाण्यावरच उभं राहिलं, तिला हा भेद कसा उमगतो आणि त्यासाठी किती किंमत मोजावी लागते, हे या बाईंच्या चरित्रात फार स्पष्ट दिसतं.

आधी चरित्र पाहू. लुईझचा जन्म १४ नोव्हेंबर १९०६ रोजी कॅन्सस राज्यातल्या चेरीव्हेल या लहान गावात झाला. वडील वकील, आईला पियानोची उत्तम जाण. घरात पुस्तकं होती आणि मुलीला वाचनाचं वेड होतं. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, ती न्यूयॉर्कला गेली आणि रूथ सेंट डेनिस व टेड शॉन यांच्या 'डेनिशॉन' या नृत्यसंस्थेत दाखल झाली. मार्था ग्रॅहम तेव्हा तिथेच होती. दोन वर्षांनी सेंट डेनिसबाईंनी लुईझला काढून टाकलं, ते तिच्या तोऱ्यामुळे. मग ब्रॉडवेवरचे नाचगाण्याचे खेळ झाले, 'झीगफेल्ड फॉलीज' झाले, आणि १९२५ मध्ये पॅरामाउंट कंपनीशी पाच वर्षांचा करार झाला. कपाळावर सरळ रेषेत कापलेले काळेभोर आखूड केस ही तिची ओळख ठरली.

इथे त्या काळची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. स्टुडिओशी करार म्हणजे नुसती नोकरी नव्हे. भूमिका कुठली, कपडे कसले, वर्तमानपत्रात कुठला फोटो आणि कुठली बातमी जाणार, हे सगळं कंपनी ठरवी. नटी म्हणजे कंपनीने तयार केलेली एक प्रतिमा, आणि त्या प्रतिमेची मालकी कंपनीकडे. १९२८ च्या सुमारास बोलपट आले आणि मालकांच्या हाती आणखी एक हत्यार आलं. तुमचा आवाज चालेल की नाही कुणास ठाऊक, असं म्हणून वाढलेले पगार रोखता येऊ लागले. लुईझलाही कराराप्रमाणे मिळायची पगारवाढ नाकारण्यात आली. आहे त्या पगारात राहा, नाहीतर जा. ती म्हणाली, जाते.

आणि ती बर्लिनला गेली. तिथे गेऑर्ग विल्हेल्म पाब्स्ट हा दिग्दर्शक फ्रांक वेडेकिंडच्या नाटकांवरून 'पँडोराज बॉक्स' हा मूकपट काढत होता. त्यातली लुलू ही मध्यवर्ती स्त्री. तिच्याकडे जो पाहतो तो तिच्या मागे लागतो, उद्ध्वस्त होतो, आणि दोष तिच्यावर ठेवतो. शेवटी लंडनमध्ये ती एका खुन्याच्या हातून मारली जाते. या जर्मन भूमिकेला अमेरिकन नटी कशाला, म्हणून तिकडे ओरड झाली. १९२९ मध्ये चित्रपट आला तेव्हा, या मुलीला अभिनयच येत नाही, अशी टीकाही झाली. आज तिच्या ज्या सहजपणाचं कौतुक होतं, तोच तेव्हा दोष ठरला. नृत्यातून आल्यामुळे ती भावना चेहऱ्यावर चितारत नसे. ती चाले, वळे, थांबे, एवढंच.

पाब्स्टकडे तिने लगेच दुसरा चित्रपट केला, 'डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल'. लोटे आयझनर या चित्रपट-अभ्यासक त्या सेटवर गेल्या, तर ही बया बाजूला बसून शोपेनहाउअर वाचत होती! आयझनरबाईंना वाटलं, ही प्रसिद्धीची युक्ती असणार. आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. इतकी सुंदर मुलगी खरोखर वाचत असेल, हे एका विदुषीलासुद्धा पटलं नाही. दृश्य माणसाला असं झाकून टाकतं.

याच सुमारास पाब्स्टने तिला बजावलं होतं, की तुझं आयुष्य लुलूसारखंच चाललं आहे आणि तुझा शेवटही तसाच होईल. हे लुईझनेच पुढे लिहून ठेवलं आहे.

भाकीत खरं ठरणार अशी चिन्हं दिसू लागली. पॅरामाउंटला तिचा 'द कॅनरी मर्डर केस' हा आधीच मूकपट म्हणून पूर्ण झालेला चित्रपट बोलका करायचा होता. परत ये, आवाज दे, असं सांगितलं. तिने साफ नकार दिला. कंपनीने मार्गारेट लिव्हिंगस्टन हिचा आवाज घातला आणि लुईझचा आवाज बोलपटाला चालत नाही असा बोलबाला केला. १९३१ च्या 'द पब्लिक एनिमी' मधली भूमिका दिग्दर्शक विल्यम वेलमनने देऊ केली, तीही तिने घेतली नाही. ती जीन हार्लोकडे गेली. पुढे किरकोळ कामं मिळाली. १९३८ मध्ये जॉन वेनबरोबरचा एक घोडेस्वारीपट, आणि कारकीर्द संपली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

त्यानंतरची वर्षं काळोखाची. कॅन्ससमधल्या विचिटात आईवडिलांकडे परतली, नृत्याचे वर्ग काढले. ते चालले नाहीत. न्यूयॉर्कला रेडिओवर छोटी कामं केली. मग एका मोठ्या दुकानात विक्रेती म्हणून काउंटरवर उभी राहिली. दारू होती, एकटेपण होतं. आत्मचरित्र लिहायला घेतलं आणि लिहिलेलं जाळून टाकलं. नकार देण्याचं धैर्य तिच्यात भरपूर होतं, पण नकारानंतर काय, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. नुसता नकार म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे आपण तत्त्वज्ञानात म्हणतो. तिने ते भोगलं.

मग १९५५ साली पॅरिसमध्ये सिनेमाथेक या संस्थेच्या आंरी लांग्ल्वा यांनी चित्रपटाच्या साठ वर्षांचं प्रदर्शन भरवलं आणि तिथे लुईझचं भव्य छायाचित्र लावलं. गार्बो आणि डीट्रिश यांच्याहूनही ते तिला वर मानत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयाचे जेम्स कार्ड यांनी तिला तिकडे राहायला बोलावलं. तिथे बसून ती जुने मूकपट पाहू लागली, स्वतःचेसुद्धा. आणि लिहू लागली.

इथे आपल्या विषयाचा गाभा आहे. जी इतकी वर्षं दृश्य होती ती आता द्रष्टा झाली. तिचे लेख 'साइट अँड साउंड' सारख्या मान्यवर नियतकालिकात आले. लिलियन गिश आणि गार्बो यांच्यावरच्या लेखात तिने मांडलं, की गिशची पीछेहाट प्रेक्षकांची आवड बदलल्यामुळे झाली नाही. डोईजड झालेल्या नट्यांना मालकांनी पद्धतशीर बाजूला सारलं. हम्फ्री बोगार्टवरच्या लेखात, विशीतला सभ्य तरुण कुठला आणि प्रसिद्धीखात्याने घडवलेला रांगडा 'बोगी' कुठला, हे तिने वेगळं करून दाखवलं. पाब्स्ट आणि लुलू यांच्यावर लिहिताना ती सांगते, की लुलूच्या शेवटच्या प्रसंगासाठी पाब्स्टने तिचाच स्वतःचा आवडता पोशाख फाडून, तेलकट मळवून तिला घालायला लावला. तिला राग आला, रडू आलं. आणि पडद्यावर जी हरलेली स्त्री दिसते ती अशी आली. यात तक्रारीचा सूर नाही. काय घडलं आणि त्यातून काय निर्माण झालं, हे ती दोन्ही बाजूंनी पाहते. स्वतःला वगळून नव्हे, स्वतःलाही त्या चित्रात ठेवून पाहते.

म्हणून आम्हाला वाटतं, पाब्स्टचं भाकीत इथे चुकलं. लुलूचं दुर्दैव असं, की तिच्याकडे सगळे पाहतात आणि ती स्वतःकडे कधीच पाहत नाही. लुईझला ते जमलं, पन्नाशीत का होईना. १९८२ मध्ये तिचे लेख 'लुलू इन हॉलिवुड' या नावाने पुस्तकरूपाने आले. ८ ऑगस्ट १९८५ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, रोचेस्टरमध्ये ती गेली.

पण यातून 'जिद्द असेल तर सगळं होतं' असं तात्पर्य कुणी काढू नये, ही विनंती. सीबीएसचे विल्यम पेली तिला दरमहा थोडी रक्कम पाठवत, म्हणून घरभाडं निघत होतं. संग्रहालयात चित्रफिती जपलेल्या होत्या, त्या दाखवणारा जाणकार माणूस होता, लेख छापणारे संपादक होते. आत्मपरीक्षण हे एकट्याचं काम आहे असं आपण म्हणतो, पण त्यालासुद्धा छप्पर लागतं, आणि कुणीतरी तुम्हाला गंभीरपणे घ्यावं लागतं. तिच्याबरोबरच्या कितीतरी जणींना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांनी काय पाहिलं असतं, काय लिहिलं असतं, ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

'पँडोराज बॉक्स' जरूर पाहा, आणि पाहून झाल्यावर तिचा त्यावरचा लेख वाचा. क्रम मात्र हाच ठेवा. आता आपले प्रश्न घेऊ.