विश्लेषण : अमेरिकेत जायबंदी माजी सैनिकांना सरकारी कंत्राटे कशी मिळतात?

अमेरिकी केंद्र सरकारच्या कंत्राटांच्या वार्षिक रकमेपैकी ५ टक्के वाटा लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना मिळावा, असे उद्दिष्ट आहे. पूर्वी ते ३ टक्के होते. काही निविदा तर केवळ त्यांच्यासाठीच राखीव असतात.

पात्र कोण?
अपंगत्व सेवेशी जोडलेले असल्याची सरकारी नोंद हवी. ती ० टक्क्यांची असली तरी चालते. खरी मेख मालकीत आहे. किमान ५१ टक्के हिस्सा हवाच, शिवाय रोजच्या कारभाराची सूत्रेही माजी सैनिकाकडेच हवीत.

नियम इतका कडक का?
बहुतेक विभागांत अनेक वर्षे स्वयंघोषणेवरच भागत होते. मग माजी सैनिक नावापुरता पुढे आणि कंत्राट भलत्याच्याच खिशात! २००९मध्ये सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेने निवडून तपासलेल्या १० कंपन्यांनी फसवणूक करून वा नियमांना बगल देऊन सुमारे १० कोटी डॉलरची कामे लाटल्याचे आढळले. २०२३पासून प्रमाणपत्र देण्याचे काम लघुउद्योग प्रशासनाकडे आले. राखीव निविदेसाठी आता ते लागतेच.

न्यायालयाने काय बजावले?
वार्षिक उद्दिष्ट गाठले म्हणून माजी सैनिक कल्याण विभागाला हात झटकता येत नाहीत. माजी सैनिकांच्या किमान दोन पात्र कंपन्या रास्त दराने बोली लावण्याची शक्यता असेल, तर निविदा त्यांच्यासाठी राखावीच लागते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये एकमताने दिला. त्यातही जायबंदी सैनिकांच्या कंपन्यांचा क्रम पहिला.