दुखत नाही म्हणून राहू दिलेली गाठ

कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ. दुखत नाही, बोटाने ढकलली तर किंचित हलते, वर्षभरात जेमतेम वाढते. गालगुंड असतील म्हणून लोक सोडून देतात. पण गालगुंड आठवड्या-दीड आठवड्यात ओसरतात, ही गाठ मुक्कामालाच असते.

लाळग्रंथींच्या गाठींपैकी सुमारे ८० टक्के कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीत होतात आणि तिथल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. सर्वाधिक आढळणारी प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. तिच्यानंतर वॉर्थिनची गाठ. ती बहुधा उतारवयातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होते, कधी दोन्ही बाजूंना. सोनोग्राफी आणि बारीक सुईने काढलेल्या पेशींवरून प्रकार बराचसा कळतो. वॉर्थिनवर नुसती नजर ठेवली तरी अनेकदा चालते. ॲडिनोमाचे तसे नाही. ती वाढत राहते आणि वर्षानुवर्षे ठेवली तर काहींमध्ये कर्करोगात बदलते.

तर मग काढून टाकावी. खरी अडचण इथेच आहे. चेहरा हलवणारी फेशियल नस याच ग्रंथीतून जाते आणि आतच पाच मुख्य फांद्यांत विभागते. डोळा मिटणे, हसणे, ओठ हलवणे सारे तिच्यावर. नस वाचवायची म्हणून पूर्वी सर्जन गाठीचे आवरण चिरून आतला गर तेवढा काढत. पण हे आवरण सगळीकडे सलग नसते, गाठीचे कोंब त्यातून बाहेर डोकावतात. परिणामी, बऱ्याच रुग्णांमध्ये काही वर्षांनी गाठ परतायची, तीही डाळिंबाच्या दाण्यांसारखी विखरून. दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा फार अवघड. आता बहुधा आधी नस शोधतात, मग भोवतीच्या ग्रंथीसह गाठ अखंड काढतात. चेहऱ्याला अशक्तपणा आलाच, तर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. कानाची पाळी मात्र बधिर राहू शकते.

काहींना नंतर एक विचित्र अनुभव येतो: जेवायला बसले की गालावर घाम फुटतो! लाळ सोडायला सांगणारे कापलेले तंतू पुन्हा वाढताना वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. पोलंडच्या मेंदूविकारतज्ज्ञ लुत्सिया फ्राय यांनी १९२३ मध्ये याचे कारण नसांमध्ये शोधले, म्हणून हा फ्राय सिंड्रोम. फारच त्रास झाला तर गालात बोटॉक्सची इंजेक्शने देतात. असर काही महिने टिकतो, मग पुन्हा टोचून घ्यावे लागते.