आयटीआयनंतरचं एक वर्ष

अकोले तालुक्यातल्या राजूरचा मुलगा दहावी झाला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न एसटीच्या वेळेचा असतो. शासकीय आयटीआय अकोल्याला, वीसेक किलोमीटरवर. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने, दहावीच्या गुणांवर होतात. जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवलेला बरा. नंतर सगळेच धावतात.

समजा, त्याने इलेक्ट्रिशियन घेतलं. दोन वर्षं. पक्कड धरण्यापासून स्टार-डेल्टा स्टार्टर जोडण्यापर्यंत सगळं हाताखालून जातं. पण वर्कशॉपमधल्या मोटारीत बिघाड मास्तरांनी करून ठेवलेला असतो. गावात ती आपली आपण जळते, तीही पिकाला पाणी हवं असतं तेव्हाच! असल्या कामावर हात बसावा म्हणून पुढचं वर्षभर अप्रेंटिसशिप करायची.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यात महावितरण, एसटी, साखर कारखाने, सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीतल्या कंपन्या आल्या. मुलाने सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं, जागा बघून अर्ज करायचा. निवड झाली की करार होतो. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालक सही करतात. हा करार पोर्टलवर नोंदला गेलाय ना, हे स्वतः बघावं. नोंद नसेल तर तो अप्रेंटिस नव्हे, ठेकेदाराचा हेल्पर. वर्षाअखेरीची परीक्षा नाही की प्रमाणपत्र नाही.

२०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत त्यातला चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही आणि पुढे कायम करण्याची हमीही नाही. कामावर अपघात झाला, तर भरपाई मात्र मालकाने द्यायची.

माझ्या मते खरी अडचण खोलीभाड्याची आहे. सिन्नरला राहून, खानावळीत जेवून हातात उरतं ते थोडंच. इकडे शेजारचा पोरगा नारायणगावच्या बाजूला मजुरीला जाऊन रोख घेऊन येतो, आणि घरात तुलना होतेच. म्हणून लांबच्या कंपनीआधी अगस्ती साखर कारखान्यात किंवा तालुक्यातल्या महावितरणमध्ये जागा आहे का, ते विचारून यावं. घरचं जेवण धरलं तर त्याच सात हजारांचा हिशेब वेगळा लागतो.