पाण्याखालचा धक्का

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही दाभोळच्या खाडींतून आमच्या मावसबंधूंच्या लहान बोटीनें परत येत होतों. ओहोटी लागली होती. जाळीं बांधण्यासाठीं रोवलेला एक जुना खुंट पाण्याखालीं दडून राहिला होता. त्यावर इंजिन आदळलें, बोट थरारली आणि क्षणांत सर्व पूर्ववत् झालें. तासाभरांत आम्ही सुखरूप घरीं पोंचलों. दुसऱ्या दिवशीं आजीसह सर्व कुटुंबानें खाडीमुखाजवळील अंजनवेलीस जावयाचें ठरलें होतें. परंतु थोरले काका म्हणाले, "इंजिन उघडून पाहिल्याखेरीज कोणीं बोटींत पाऊल ठेवावयाचें नाहीं." त्या तपासणींत आम्ही जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बोटीच्या पाठीस बाहेरून लावावयाचीं हीं इंजिनें लोकप्रिय करण्याचें पुष्कळसें श्रेय ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराकडे जातें. त्यानें १९०९ सालीं मिल्वॉकी येथें त्यांची विक्री सुरू केली. जुन्या इंजिनांत पंख्यास मऊ धातूची एक खीळ असे. आघात होतांच ती तुटे आणि आंतील दंतचक्रें वांचत. आजच्या बहुतेक इंजिनांत पंख्याच्या तुंब्यांत रबर असतें व तें धक्का सोशितें. त्यामुळें इंजिन बंद पडत नाहीं आणि मनुष्य निर्धास्त होतो. धोका आहे तो येथेंच.

धक्का बसतांच इंजिन थांबवावें. माणसें सुरक्षित आहेत ना, बोटींत पाणी येत नाहीं ना, हें आधीं पाहावें. मग इंजिन वर उचलून पंखा न्याहाळावा. पुन्हां सुरू केल्यावर इंजिनामागून पडणारी बारीक धार पाहावी. ती थंडाव्याच्या पाण्याची खूण होय. ती न दिसल्यास पाणी ओढण्याच्या फटींत चिखल गेला असण्याचा संभव असतो. तेव्हां इंजिन तत्काळ बंद करावें. कंप जाणवल्यास अगदीं मंद गतीनें किनारा गांठावा.

किनाऱ्यावर प्रथम किल्ली काढावी व स्पार्क प्लगच्या तारा सोडवाव्या. मग इंजिन न्यूट्रलमध्यें ठेवून, पंख्याच्या कडेशीं एक काठी स्थिर धरून पंखा हातानें फिरवावा. प्रत्येक पात्याचें काठीपासूनचें अंतर सारखें न राहिल्यास पातें वांकलें आहे किंवा दांडा. पंखा काढून दांड्याभोंवतीं मासेमारीची दोरी गुंडाळली आहे काय, तेंही पाहावें. तेलाच्या सीलला ती कापते. रबराची शंका असल्यास तुंब्याच्या आंतील व बाहेरील भागांवरून एक सलग रेघ रंगानें ओढावी. बोट चालवून आल्यावर ती रेघ तुटलेली दिसली, तर रबर घसरलें असें समजावें. इंजिन गरजतें, पण बोट वेग घेत नाहीं, हें त्याचेंच लक्षण. बोटीच्या पाठीचे बोल्ट आणि कंसांवरील केसाएवढ्या भेगाही तपासाव्या.

सर्वांत महत्त्वाचें गिअरचें तेल. इंजिन रात्रभर उभें ठेवून सकाळीं खालचा स्क्रू किंचित् सैल करावा. पाणी तेलाहून जड, म्हणून तें सांचलें असल्यास आधीं बाहेर येतें. तेल दुधाळ दिसलें, तरीही पाणी शिरलें असें निश्चित समजावें. धातूचे कपचे आढळले, तर दंतचक्रें दुखावलीं असण्याचा संभव असतो.

आमच्या इंजिनाचें तेल दूध घातलेल्या चहासारखें निघालें. दांडा किंचित् वांकला होता आणि सील फाटलें होतें. दुरुस्तीस आठ दिवस लागले, मुलें रुसलीं. त्या दिवशीं इंजिन कदाचित् चाललेंही असतें. पण खाडीमुखावरील लाटांत, ओहोटी बाहेर ओढीत असतां तें बंद पडतें, तर आजीस घेऊन आम्हीं काय केलें असतें, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. पुढें आम्ही अंजनवेलीस गेलों तें भरतीच्या पाण्यावर. आणि निघण्यापूर्वीं तेल पाहण्याचें काम मुलांनींच मागून घेतलें.