मागताक्षणी तयार होणारे पान

सुप्याचा एखादा शेतकरी महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहतो तेव्हा जिल्हा पुणे, तालुका बारामती, गाव सुपे असे निवडून गट क्रमांक भरतो आणि त्याचे पान समोर येते. हे पान आधी लिहून ठेवलेले नसते. राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत, त्यांतील प्रत्येक गटाचे पान कोण लिहीत बसणार? शिवाय फेरफार मंजूर झाला की कालचे पान चुकीचे ठरते. म्हणून साचा एकच ठेवतात आणि मागणी आली की त्यात त्या क्षणीच्या नोंदी भरतात. यालाच गतिमान पान म्हणू.

असे पान बनवण्याच्या अनेक रीतींपैकी जेएसपी ही एक. सन कंपनीने ती १९९९ साली आणली. जेएसपीच्या पानात नेहमीचा मजकूर असतो आणि अधूनमधून जावाच्या आज्ञा. सर्व्हर हे पान जसेच्या तसे चालवत नाही. पहिल्यांदा मागणी आली की पूर्ण पानाचे जावा प्रोग्रॅममध्ये रूपांतर होते, तो कंपाइल होतो आणि मग चालतो. दुसऱ्या वेळी तयार प्रोग्रॅमच चालतो. म्हणूनच पहिली भेट रेंगाळते. विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून हा फरक जरूर मोजावा.

आता समजा, शाळेने पर्जन्यमापकाच्या नोंदींसाठी जावात एक प्रोग्रॅम लिहिला. सुपे हा बारामती तालुक्याचा कोरडा भाग; तिथे ‘जूनपासून आजवर किती पाऊस’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. प्रयोगशाळेतील इतर संगणकांवर हे पान दिसावे, यासाठी इंटरनेट लागत नाही. प्रोग्रॅमच्या पोटातच जेटी नावाचा छोटा सर्व्हर बसवता येतो. ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ साली ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात केली. एरवी प्रोग्रॅम सर्व्हरच्या घरी राहायला जातो. इथे सर्व्हरच प्रोग्रॅमच्या घरी येतो.

पण हा पाहुणा हात हलवत येतो! साधी पाने तो देईल, जेएसपीचे काय करायचे हे त्याला सांगावे लागते. न सांगितल्यास दोनपैकी एक घडते. एक तर ‘जेएसपीची सोय केलेली नाही’ अशा अर्थाची चूक दिसते. दुसरे त्याहून वाईट: पानातील जावा आज्ञा जशाच्या तशा वाचणाऱ्यापुढे येतात. नोंदवहीचा पासवर्ड त्यात लिहिला असेल तर तोही.

म्हणून प्रथम जॅस्पर हा जेएसपीचा अनुवादक सोबत जोडावा. तो मूळचा टॉमकॅट या दुसऱ्या सर्व्हरचा, पण जेटीही तोच वापरते. मग ‘.जेएसपी’ने संपणारी प्रत्येक मागणी त्याच्याकडे वळवावी. अनुवादित प्रोग्रॅम ठेवायला लिहिण्याची मुभा असलेला एक फोल्डर द्यावा. जॅस्परला स्वतंत्र क्लासलोडरही लागतो. उदाहरणे उतरवून घेताना नेमकी हीच ओळ गळते. आवृत्त्यांचा मेळ तर पाहावाच. २०२० साली जकार्ता ईई ९ मध्ये या पॅकेजांच्या नावांतील ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले, आणि जुने-नवे तुकडे एकत्र नांदत नाहीत.

सोय झाली की नाही हे पाहायला पावसाच्या नोंदी नकोत. फक्त वेळ दाखवणारे एक पान करा आणि ते पुन्हा पुन्हा उघडा. सेकंद बदलले तर काम झाले. मात्र ही वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते, पाहणाऱ्याच्या नव्हे.