चिकटू न देण्याची विद्या

मोखाड्याच्या डोंगरातून समुद्र दिसत नाही, पण तिथला पाऊस समुद्रातल्या जिवांच्या जगण्यात दखल देतो. मोखाडा-शहापूरच्या डोंगरांत अडवलेलं वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. उरलेलं दातिवरे आणि अर्नाळ्याच्या मधल्या खाडीतून समुद्राला मिळतं आणि पावसाळ्यात तिथला खारेपणा उतरवतं. नावेच्या तळाला बिलगणाऱ्या बऱ्याच जिवांना हे गोडं पाणी सोसत नाही. त्यांतला सर्वांत चिवट बार्नेकल. दिसायला चुन्याचा खडा, पण खेकडा-कोळंबीच्या गोतातला. त्याची अर्ध्या मिलिमीटरची अळी पृष्ठभागावर चालत जागा तपासते आणि पसंत पडली की डोकं टेकवून कायमची चिकटते. तळ असा खडबडीत झाला की पाणी अडतं आणि तेवढंच अंतर कापायला डिझेल जास्त जळतं. म्हणून जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नावा किनाऱ्यावर ओढतात, तळ खरवडतात, नवा रंग देतात.

रंगात विष मिसळणं हा जुना उपाय. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. पुढे तांबंच रंगात आलं. विसाव्या शतकात आलेला ट्रायब्युटिलटिन इतका जहाल निघाला की फ्रान्समधल्या आर्काशोंच्या आखातात कालवांचे शिंपले विकृत झाले आणि 1982 मध्ये तिथे लहान बोटींवर त्याला बंदी आली. तो जहाजांवर वापरू नये हा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. मला यातली मूळ चूक पदार्थ निवडण्याची वाटत नाही. विष सतत, सगळीकडे पाझरू देणं ही ती चूक. समुद्रातले जीव असा उधळेपणा करत नाहीत. ऑस्ट्रेलियातलं डेलिसिया पुल्क्रा हे लाल शैवाल फ्युरॅनोन नावाची रसायनं बनवून आपल्या पृष्ठभागापुरती ठेवतं. जिवाणू एकमेकांना रासायनिक खुणा पाठवून थर जमवतात. ही रसायनं त्या खुणाच बिघडवतात. दगडांवर गुलाबी पापुद्र्यासारखी वाढणारी चुनखडी शैवालं वरचा थरच टाकून देतात. त्यावर बसलेलं त्याच्याबरोबर जातं. शार्कच्या कातडीवरचे खवले पाहून फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांनी दोनेक मायक्रॉन रुंदीच्या कंगोऱ्यांची नक्षी घडवली, आणि शैवालाचे बीजाणू तिच्यावर प्रयोगशाळेत फारच कमी बसले.

इथे जाणकार विचारतील की शार्क सतत पोहतो, नाव मात्र आठवडाभर खाडीत उभी असते. आणि देवमाशांच्या अंगावरही बार्नेकल असतातच. आक्षेप खरा आहे. बीजाणूला अडवणारी नक्षी त्याच्या शंभरपट मोठ्या अळीला अडवेलच असं नाही. नक्षीचं माप बसणाऱ्याच्या मापाशी जुळावं लागतं. पण यातून कल्पनाच फोल ठरत नाही. एकट्या युक्तीवर भिस्त ठेवू नये एवढंच निघतं. गोड्या पाण्याचंही तेच. मायटिलॉप्सिस सॅलेई हा मध्य अमेरिकेकडचा लहान शिंपला जहाजांबरोबर भारतीय बंदरांत आला; कारंडे आणि मेनन यांनी 1975 मध्ये त्याची 'नवा पाहुणा' म्हणून नोंद केली. तो खारं, मचूळ, जवळजवळ गोडं, सगळंच पाणी पचवतो. वैतरणेच्या पुराने त्याला काही होणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. नाववाल्याला तांब्याचा रंग परवडतो, नक्षीचा लेप नाही. हे आज खरं आहे, पण तांबं मूलद्रव्य आहे, कुजत नाही. खाडीच्या गाळात साठत राहतं, आणि त्याच गाळावर कोळंबीची पिल्लं वाढतात. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या विषयात काम करतात. नवा लेप तपासायला फ्लोरिडाचं पाणी उपयोगाचं नाही. त्याच्या पट्ट्या दातिवऱ्याच्या खाडीत टांगाव्या लागतील, एप्रिलच्या खारट पाण्यात आणि ऑगस्टच्या गढूळ, गोड्या लोंढ्यातही.