संगणकाचा सातबारा

तीस वर्षे मी तलाठ्याची नोकरी केली. दप्तर म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी शिकवण्याची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. पण ती आली. आणि शिकवणारी निघाली आमची सूनबाई!

निवृत्तीनंतर भाईंदरला चिरंजीवांकडे राहायला आलो. गेल्या पावसाळ्यात चिरंजीवांनी कचेरीतून मोडीत निघालेला एक संगणक घरी आणला. सौ.ला कोण आनंद! तिच्या दिवंगत आईचे जुने फोटो भाच्याने पेनड्राइव्हवर घालून पाठवले होते. पण पेनड्राइव्ह लावला, तरी संगणक ढिम्म! “अहो, आईचे फोटो लागले का?” हा प्रश्न रोज ठरलेला.

सूनबाई म्हणाली, “बाबा, कचेरीत पेनड्राइव्हला बंदी घालतात. तिची नोंद रजिस्ट्रीत असेल.”

रजिस्ट्री! माझ्यातला तलाठी खडबडून जागा झाला.

तिने सांगितले ते असे. पूर्वी विंडोजमधला प्रत्येक प्रोग्राम आपल्या सोयीसवयी वेगळ्या फाइलीत लिहून ठेवी. जणू प्रत्येक खातेदाराने आपला उतारा आपल्याच ट्रंकेत ठेवावा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये लहानशी रजिस्ट्री आली आणि विंडोज ९५ पासून तीच मुख्य दप्तर झाली.

‘रेजएडिट’ उघडले की डाव्या हाताला पाच फोल्डर दिसतात. पण खरी दप्तरे दोनच: ‘लोकल मशीन’मध्ये साऱ्या यंत्राच्या नोंदी, ‘यूजर्स’मध्ये वापरणाऱ्यांच्या. समोर बसलेल्या माणसाचा ‘करंट यूजर’, कोणती फाइल कशाने उघडायची ते सांगणारा ‘क्लासेस रूट’ आणि ‘करंट कॉन्फिग’, हे तिन्ही त्यांतलेच उतारे! आत जिल्हा, तालुका, गाव, गट अशी उतरंड. प्रत्येक फोल्डराला ‘की’ म्हणतात. उजवीकडे तीन रकाने: नोंदीचे नाव, प्रकार आणि मजकूर.

आम्ही निघालो. लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस आणि शेवटी ‘यूएसबीस्टोर’. तिथे ‘स्टार्ट’ नावाच्या नोंदीपुढे आकडा होता ४. चार म्हणजे बंद. तीन म्हणजे मागणी आली की सुरू.

“आधी नक्कल काढू या,” म्हणत सूनबाईने ‘एक्स्पोर्ट’ करून त्या कीची फाइल ठेवली. एवढ्यात दूध उतू गेले आणि ती स्वयंपाकघरात धावली. मला वाटले, चाराचे तीन कशाला? बंदीच खोडून टाकावी! यूएसबीस्टोरवर ‘डिलीट’ दाबले. “नक्की ना?” असे यंत्राने विचारले. मी ‘हो’ म्हटले. अख्खी की गडप!

घाम फुटला. परत घ्यायची सोय शोधली, नाही. ‘सेव्ह’चे बटण नाही, म्हणजे न जतन करता बाहेर पडावे म्हटले तर तेही नाही. केलेला बदल तत्क्षणी लिहिला गेला होता.

आमच्या सातबारावर जुने नाव खरवडत नाहीत. नमुना सहामध्ये फेरफार लिहायचा, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, मग सातबारावर जुन्या नावाला कंस करून नवे चढवायचे. पन्नास वर्षांनीसुद्धा कंसातला माणूस वाचता येतो. इथे ना फेरफार, ना कंस! आणि जन्मभर लोकांना खाडाखोडीबद्दल दटावणारा मीच खाडाखोड करून बसलो होतो.

सूनबाई आली. रागावली नाही. तिने नक्कल ठेवलेल्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली, होकार दिला, आणि नोंद परत आली, अर्थात बंदीसकट! मग तिने चाराचे तीन मलाच करायला लावले.

पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. पडद्यावर नऊवारीतल्या सासूबाई उभ्या राहिल्या. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, “ह्याचीसुद्धा एक नक्कल काढून ठेवा हो!”

ठेवली. तीही, वाचकहो, कशालाही हात लावण्यापूर्वी!